दांडा कोणाच्या उंचीचा?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिकागोहून भाच्याचा फोन आला. इशाची नमाज पढून मी नुकताच घरी आलो होतो, त्याच्याकडे सकाळ होती. सलाम-दुआ झाली, बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग त्याने विचारले, “मामू, फावडा कौन्सा लेना?”

मला वाटले, चुकून काहीतरी ऐकू आले. हा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर. औरंगाबादेत रोशनगेटच्या गल्लीत वाढला. त्याचे नाना, म्हणजे माझे अब्बा, आयुष्यभर फावडे मारत राहिले. आपल्या पोरांच्या हातात फावडे येऊ नये म्हणून त्यांनी मला आणि माझ्या बहिणीला शाळेत घातले. दोन पिढ्या झिजल्या, तिसरी सातासमुद्रापार गेली आणि तिथून विचारते, फावडे कोणते घेऊ!

त्याने खुलासा केला. यंदा त्याने फ्लॅट सोडून डेव्हन अव्हेन्यूजवळ एक छोटे घर भाड्याने घेतले आहे. फ्लॅटमध्ये असताना बर्फ दुसरे कुणीतरी काढायचे. या घराच्या करारात ते काम भाडेकरूवर आहे. दुकानात फावड्यांची रांग लागलेली: प्लास्टिकची, ॲल्युमिनियमची, पोलादाची, सरळ दांड्याची, वाकड्या दांड्याची. ‘नाना होते तर त्यांनाच विचारले असते,’ असे म्हणून तो थांबला. मी म्हणालो, दोन दिवस दे.

बर्फ मी आयुष्यात रसवंतीवर आणि मासळीबाजारात पाहिला आहे. पण फावड्याशी माझे नाते जुने आहे. म्हणून मी वाचायला बसलो, तिकडे राहणाऱ्या दोन मित्रांना फोन केले, आणि दोन दिवसांच्या शेवटी जे हाती लागले त्याने मला भाच्यापेक्षा अब्बांचीच जास्त आठवण करून दिली. हा लेख त्यातूनच आला.

आधी भाच्याचे काम उरकतो.

शिकागोत घरासमोरची पायवाट बर्फातून मोकळी करणे ही त्या जागेच्या मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची कायद्याने जबाबदारी आहे. पाच फूट रुंदीची वाट करायची, म्हणजे व्हीलचेअर आणि बाळाची गाडी जाऊ शकेल. आता हिशेब करून पाहा. घरासमोरची वाट २५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि त्यावर अर्धा फूट बर्फ. हे साधारण पावणेदोन घनमीटर झाले. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, म्हणजे पावणेदोनशे किलो. हाच बर्फ ओला होऊन दबला तर तिप्पट वजनदार होतो, म्हणजे पाच क्विंटल. सकाळी कामावर जाण्याआधी एकट्या माणसाने पाच क्विंटल माल उचलून बाजूला टाकायचा. मोंढ्यातला हमाल हे काम रोज करतो. पण त्याला सवय असते. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाला ती नसते.

म्हणूनच या साध्या कामाची अमेरिकेत वैद्यकीय नोंद ठेवली जाते. १९९० ते २००६ या १७ वर्षांच्या नोंदींचा एक अभ्यास झाला. बर्फ उपसताना काही होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलेल्यांची संख्या वर्षाला सरासरी ११,५०० होती. सर्वाधिक दुखापती कमरेच्या होत्या आणि जे दगावले ते हृदयविकाराने. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यातच अचानक जड काम पडते, आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले हृदय ते पेलत नाही. तिकडचे डॉक्टर दर हिवाळ्यात याबद्दल सावध करतात.

तर भाच्याला मी असे सांगितले. बर्फाचे फावडे म्हणजे खरे तर आपले फावडे नव्हेच, तो बेलचा. फावड्याने माती आपल्याकडे ओढतात. बेलच्याने माल पुढे ढकलतात आणि उचलून टाकतात. त्यातही दोन जाती. एक ढकलायचा, रुंद आणि पोटाला वळलेल्या पात्याचा. दुसरा उचलून फेकायचा, खोलगट. रोजच्या दोन-चार इंच बर्फाला पहिला पुरतो. उचलायची वेळ आली तर दुसरा, पण तो रुंद घेऊ नये. पाते जितके मोठे तितका दर खेपेला भार जास्त. दुकानात मोठे पाते बघून वाटते की काम लवकर होईल; कंबर मात्र आधी संपते.

पात्याचे म्हणाल तर प्लास्टिक हलके असते, त्याला बर्फ कमी चिकटतो, फरशीवर ओरखडे उठत नाहीत. पण कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या बर्फावर आपटले तर त्याला चीर जाऊ शकते. घ्यायचेच तर धारेला धातूची पट्टी बसवलेले घ्यावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा हलके, पण फरशीच्या सांध्यात अडकले की कड मुडपते. पोलाद सगळ्यांत टिकाऊ, घट्ट बर्फ तेच फोडते; पण ते जड, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर जे मीठ टाकतात त्याने गंजते. काम झाले की धुऊन, पुसून ठेवावे. पात्याला मेणबत्ती घासली किंवा थोडे तेल लावले तर बर्फ चिकटत नाही. धातूचा उघडा दांडा नको, हातमोज्यातूनही गारठा चढतो. लाकडाचा किंवा फायबरचा दांडा घ्यावा, टोकाला इंग्रजी ‘डी’सारखी मूठ असावी. आणि शेवटी, दांडा आपल्या उंचीचा हवा. दुकानातच उभे राहून बघावे. बर्फ उचलायचे सोंग करावे. कमरेत किती वाकावे लागते ते पाहावे. काही दांडे मुद्दाम मधे वाकवलेले असतात, त्यामुळे माणसाला कमी वाकावे लागते.

भाचा म्हणाला, “मामू, आप तो एक्सपर्ट हो गये.” मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ते शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना. दांडा मुद्दाम वाकवला, म्हणजे माणसाला वाकावे लागू नये.

अब्बांच्या फावड्याचा असा विचार कुणी केला होता?

अब्बांच्या हातात फावडे आले ते १९७२ च्या दुष्काळात. फुलंब्रीकडच्या आमच्या गावात विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि अर्धे गाव सरकारी कामावर गेले. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर पसरली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामांवर मजुरी मापाने मिळायची. जेवढी माती खणली, उचलली, वाहिली, तेवढे पैसे. हातातले हत्यार कसे आहे यावर त्या दिवशी घरात किती भाकरी होणार ते ठरायचे. दुष्काळ सरला, पण अब्बा गावात परतले नाहीत. शहरात सिडकोची घरे उभी राहत होती, वाळूजला कारखान्यांचे पाये खणले जात होते. ते बिगारी म्हणून राबले आणि तिथेच म्हातारे झाले.

या शहराची नावे बदलत गेली. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवले तेव्हा खडकी, मग फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. जमीन मात्र पहिल्या नावाचीच राहिली. वर हातभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मलिक अंबरच्या नहरीचे पाणी जमिनीखालून शहरात आले त्याचे आपण कौतुक करतो, आणि करायलाच हवे. ते भुयार ज्यांनी खणले त्यांच्या हातातली हत्यारे कशी होती हे कुठल्या बखरीत लिहून ठेवलेले नाही. इतिहास बांधणाऱ्याचे नाव लिहितो, खणणाऱ्याचे नाही.

अशा जमिनीत वाईट फावडे आठवडाभर टिकत नाही. म्हणून अब्बा फावडे निवडायचे तेव्हा मुलगी बघायला गेल्यासारखे बसायचे. रविवारी सकाळी जाफरगेटच्या बाजारात मला सोबत न्यायचे. नव्या मालाच्या दुकानावरून पुढे जायचे आणि जुन्या लोखंडाच्या ढिगापाशी उकिडवे बसायचे. त्यांचे म्हणणे असे की पाते जुने घ्यावे, दांडा नवा. जुने पाते झिजून अजून शाबूत आहे, म्हणजे त्याचे पोलाद खरे आहे. नवे पाते काय आहे ते पहिल्या दगडावरच कळते, तोवर पैसे गेलेले असतात.

मग परीक्षा. पाते एका बोटावर तोलून दुसऱ्या हाताने त्यावर खडा मारायचा. खणखणीत आवाज लांबत गेला तर पाणी नीट दिलेले पोलाद. भद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे किंवा नुसता पत्रा आहे. नेढे बघायचे, म्हणजे दांडा जिथे बसतो ते भोक. फावडे बहुतेक वेळा पात्यात नव्हे, नेढ्यापाशी मोडते. नेढे पात्याला रिबिटांनी जोडले असेल तर रिबिट हलते का, वेल्डिंग असेल तर ते पूर्ण फिरले आहे की दोन ठिपके देऊन भागवले आहे, हे नखाने चाचपायचे. पात्याचा कोपरा जमिनीवर टेकवून पायाने दाबायचा. वाकून परत आला तर ठीक, वाकूनच राहिला तर खाली ठेवायचा.

दांड्याला बाभूळ. धामण मिळाली तर उत्तम, पण ती आमच्याकडे क्वचित. लाकडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मधे गाठ नको. गाठीपाशीच दांडा मोडतो आणि मोडतो तेव्हा हाताला घेऊन जातो. दांडा नेढ्यात घट्ट ठोकायचा, वरून पाचर मारायची. मग रात्रभर पाण्यात ठेवायचे, लाकूड फुगून नेढे धरून बसते. वर्षातून दोनदा दांड्याला जवसाचे तेल चोळायचे. संध्याकाळी काम संपले की पात्याची माती खरवडल्याशिवाय ते हात धुवायचे नाहीत.

अशा रीतीने निवडलेले त्यांचे एक फावडे १४ वर्षे चालले. पाते झिजून तळहाताएवढे उरले होते. टिकाऊ फावडे म्हणजे काय, असे मला कुणी विचारले असते तर मी त्याच फावड्याकडे बोट दाखवले असते.

पण त्या १४ वर्षांत अब्बा टिकले नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी त्यांची कंबर अशी झाली की नमाजमध्ये रुकूत जायला त्यांना काही कष्ट पडत नसत, रुकूतून सरळ उभे राहायला पडत. शेवटची दहा वर्षे ते मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढले. मी ते म्हातारपण समजत होतो. भाच्याशी बोलल्यावर पहिल्यांदा वाटले, ते म्हातारपण नव्हते, ती दांड्याची लांबी होती.

आपल्याकडे फावड्याचा दांडा अडीच-तीन फुटांचा असतो. असे फावडे चालवायचे म्हणजे कमरेत काटकोनात वाकायचे आणि दिवसभर तसेच राहायचे. अब्बांना हे कळले नव्हते असे नाही. मी लहान असताना त्यांनी एकदा वीतभर लांब दांडा बसवला होता. चार दिवस खुशीत होते. पाचव्या दिवशी मुकादमाने तो काढायला लावला. म्हणाला, लांब दांड्याने माणूस आळशी होतो, टेकून उभा राहतो. अब्बांनी घरी येऊन करवतीने दांडा कापला. मी कापलेला तुकडा विटीदांडू खेळायला घेतला.

मुकादमाचे हे वाक्य मला इतकी वर्षे एका माणसाचा खवटपणा वाटत आले. पण ते वाक्य दुसऱ्या एका देशातही बोलले गेले होते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन शेतमजुरांना भाजीच्या शेतात आखूड दांड्याचे खुरपे-कुदळ देत. दांडा दोन फुटांहूनही कमी. मजूर त्याला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे ‘छोटेसे’. मळ्यांचे मालक सांगत की लांब दांड्याने रोपे तुटतात, काम नीट होत नाही. एक कारण मात्र मजुरांना पक्के ठाऊक होते. आखूड दांडा असला की बांधावर उभ्या मुकादमाला एका नजरेत कळते, कोण वाकलेला आहे आणि कोण उभा. जो उभा तो कामचुकार. सेझर चावेझ हे शेतमजुरांचे मोठे पुढारी स्वतः तरुणपणी ते हत्यार चालवून कंबर गमावून बसले होते. मजुरांनी वकील गाठले, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७५ मध्ये ते आखूड हत्यार हद्दपार झाले. शेती बुडाली नाही. भाजी आजही पिकते, लांब दांड्याने.

एका न्यायालयाला दांड्याची लांबी मोजावी लागली. आपल्याकडे दांड्याच्या लांबीवर कुणी भाषण केलेले मी कुठल्या कामगार मेळाव्यात ऐकलेले नाही.

आता माझे म्हणणे सरळ मांडतो. शिकागोचे बर्फाचे फावडे इतके विचारपूर्वक का बनले? तिथले लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत म्हणून नाही. ते फावडे विकत घेणारा माणूसच ते चालवतो, म्हणून. डॉक्टर असो, प्राध्यापक असो, सकाळी सहा वाजता स्वतःच्या दारातला बर्फ त्याला स्वतः काढावा लागतो. त्याची कंबर धरली की तो दुसऱ्या दिवशी दुकानात तक्रार करतो, आणि कारखानदार दांडा वाकवून देतो. त्याच देशात मजुराच्या हातातला दांडा लांब व्हायला मात्र कोर्टात जावे लागले. देश एकच आणि काळही फार लांबचा नाही, फरक इतकाच की हत्यार कोण विकत घेतो आणि कोण चालवतो. घेणारा आणि चालवणारा एक असला की हत्यार सुधारते. दोघे वेगळे झाले की फक्त स्वस्त होते.

आपल्याकडे फावडी कोण विकत घेतो ते पाहा. कंत्राटदार घेतो, संस्था घेते, कमिटी घेते, ग्रामपंचायत घेते. तीन कोटेशन मागवतात, सगळ्यांत कमी दराचे मंजूर होते. त्या कागदावर नग असतो, दर असतो, कर असतो. दांड्याची लांबी नसते, नेढ्याची जाडी नसते, आणि चालवणाऱ्याची उंची तर नसतेच. पाच फुटांची बाई आणि पावणेसहा फुटांचा माणूस, दोघांच्या हाती एकच माप. आपण शाळेतल्या पोरांना बूट देताना माप घेतो, मजुराला हत्यार देताना घेत नाही.

यात मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळा होणार नाही. मागच्या डिसेंबरात एका ओळखीच्या माणसाच्या दफनविधीला गेलो होतो. रात्रीची वेळ होती, चांगलाच गारठा होता. तिथल्या खणणाऱ्याने दुपारपासून पहार आणि टिकावाने मुरूम फोडून कबर तयार ठेवली होती. मय्यत उतरवली, फरशा बसल्या. सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली आणि मग रिवाजाप्रमाणे फावडी हातोहात फिरू लागली. माझ्या हाती आले त्याच्या तिसऱ्या घावाला पाते दांड्यातून निघाले आणि समोरच्या तरुणाच्या नडगीवर आदळले. नेढ्यात पाचर नव्हती, खिळा मारलेला होता. रक्त आले, रुमाल बांधला, काम पुढे सुरू झाले. खणणारा ओशाळून म्हणाला, “नये हैं साब, पिछले महिने के.”

त्या रात्री मी संतापलो होतो. कुणी आणली असली फावडी? घरी आल्यावर आठवले. हिशेब वाचून दाखवला त्या बैठकीत मीही होतो. फावड्यांवर मागच्या वर्षीपेक्षा कमी खर्च झाला म्हणून ज्यांनी मान डोलावली, त्यांत माझी मान होती. जाफरगेटला बसून नखाने नेढे चाचपणाऱ्या माणसाचा मी मुलगा. पण मला फावडे फक्त एका रात्री पाच मिनिटे धरायचे असते. खणणाऱ्याला ते रोज धरायचे असते. त्याला त्या बैठकीत कुणी बोलावले नव्हते.

हिवाळ्याबद्दल बोलतो आहे तर शेतातले फावडेही बघू. आमच्या गावाकडे गहू आणि कांद्याला पाणी देण्याचे दिवस म्हणजे थंडीचेच दिवस. शेतीपंपाची वीज आलटून-पालटून मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की माझा चुलतभाऊ मफलर गुंडाळून, बॅटरी आणि फावडे घेऊन निघतो. पिंढरीभर गार पाण्यात उभे राहून एका वाफ्याचे दारे बंद करायचे, दुसऱ्याचे फोडायचे. अंधारात साप आणि दारे धरणारा माणूस एकाच बांधावर असतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, आणि ती प्रत्येक फिडरवर पोहोचेल तेव्हा खरी सुटका होईल. तोवर त्या माणसाच्या हातात जे आहे ते एक फावडे. तो ते स्वतः विकत घेतो आणि स्वतः चालवतो; त्यामुळे ते चांगले असते. चुलतभावाच्या फावड्याचा दांडा चार फुटांचा आहे. कारण विचारले तर म्हणाला, “वाकलं की बांधाकडं तोंड जातं. आपल्याला सापापासून लांबच बरं.” त्याला ना न्यायालय लागले ना अभ्यास.

यावर एक आक्षेप येईल, तो खरा आहे. आपले फावडे घाव घालायचे हत्यार आहे, नुसते उचलायचे नाही. कठीण मुरमात लांब दांड्याने घाव नेमका बसत नाही, अरुंद खड्ड्यात लांब दांडा फिरत नाही, गवंड्याला माल कालवायला आखूडच सोयीचा पडतो. कबूल. मी सगळ्यांना चार फुटी दांडा द्या म्हणत नाही. खणायला वेगळे हत्यार, माती-वाळू उचलायला लांब दांड्याचा बेलचा, पसरायला तिसरे, असे वाटून द्या. आपल्याकडे एकाच फावड्याने सगळी कामे करून घेतात, कारण तीन हत्यारांपेक्षा एक स्वस्त. दुसरा आक्षेप पैशाचा. चांगल्या आणि वाईट फावड्यात जेवढा फरक असतो तेवढ्यात आपण चौघे हॉटेलात बसून चहा-समोसे खातो. आणि वाईट फावडी वर्षातून तीनदा घ्यावी लागतात, हे कोटेशनच्या कागदावर दिसत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. संस्था, कमिट्या, ग्रामपंचायती, अगदी घराच्या बागेसाठी हत्यार घेणारे तुम्ही-आम्ही, यांनी एवढेच करावे की जो चालवणार आहे त्याला दुकानात सोबत न्यावे. त्याच्या हाती चार नग द्यावेत आणि त्याने उचललेला घ्यावा. कोटेशनमध्ये दोन ओळी वाढवाव्यात, पाते किती जाडीचे आणि दांडा किती लांबीचा. मजुरांत बायका असतील तर त्यांच्या मुठीत मावेल असा दांडा वेगळा मागवावा. याला कुठल्या मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

आमच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी हे बोललो. सुरुवातीला थोडे हसू झाले. फावड्यावर काय एवढे बोलायचे? मग एका बुजुर्गांनी अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातला प्रसंग सांगितला. एक गरजू माणूस मदत मागायला आला तेव्हा पैगंबरांनी त्याच्या घरातल्या दोन किरकोळ वस्तू दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितली. कुऱ्हाड आली तेव्हा तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला, आणि पंधरा दिवस लाकूड तोडून विक म्हणाले. हा प्रसंग मी लहानपणापासून भीक मागू नये, कष्ट करावेत या अर्थाने ऐकत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा माझे लक्ष दांड्याकडे गेले. कष्ट कर असे नुसते सांगून भागले असते. तरीही हत्यार नीट करून त्याच्या हाती दिले.

दुसऱ्या रविवारी खणणाऱ्याला घेऊन आम्ही तिघे जाफरगेटला गेलो. त्याने दीड तास लावला. आम्हाला उन्हात उभे राहून कंटाळा आला, पण तो अब्बांसारखाच खडा मारून आवाज ऐकत होता. शेवटी चार पाती घेतली, सगळी जुनी. दांडे नवे, बाभळीचे. त्याला विचारले, लांबी किती ठेवायची? आधी त्याला प्रश्नच कळला नाही. मग त्याने दांडा स्वतःशेजारी उभा धरला, हात कमरेच्या वर नेला आणि म्हणाला, “यहाँ तक चलेगा?” परवानगी मागत होता. आम्ही म्हणालो, तूच सांग.

शिकागोत पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा भाच्याने फोटो पाठवला. त्याने ढकलायचा बेलचा घेतला आहे, धातूची पट्टी असलेला, लाकडी दांड्याचा. त्याच्या घरासमोरची वाट मोकळी दिसते, आणि शेजारच्या घरासमोरचीही. तिथे एक म्हातारी बाई एकटी राहते म्हणे. रस्त्यातली अडचण दूर करणे हाही सदका आहे, हे त्याला नानांनी शिकवले होते. फोटोखाली त्याने विचारले होते, कमर दुखतीये थोडी, कुछ करूँ क्या?

मी त्याला लिहिले, दांडा तपास.